धाडीला आलेल्याने बूट काढू नयेत

"बूट घाल, प्रफुल्ल! आधी बूट घाल. धाड घालायला आलायस, सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादाला नाही."

ही मी ओरडत होते. माझा आवाज तसा बरा आहे. घरी, लंडनजवळच्या वॉटफर्डला ओरडले तर केंब्रिजला ग्रंथालयात बसलेला विद्यार्थी पुस्तक मिटून "आलो" म्हणतो, असं माझा नवरा सांगतो, आणि तो कमी करून सांगतो. प्रफुल्ल म्हणजे आमच्या नाटकातला जर्मन अधिकारी. मूळचा नागपूरचा. उंची एवढी की आमच्या दारातून आत यायला त्याला मान तिरकी करावी लागायची, आणि जाताना तो ते विसरायचा. चौकटीवर त्याच्या कपाळाचा ठसा अजून आहे. लंडनच्या एका बँकेत धोके मोजायची नोकरी करतो आणि स्वभावाने इतका मऊ की कोळी दिसला तर त्याला कागदावर घेऊन बागेत सोडून येतो. असा हा माणूस लाथ मारून दार उघडणार, घर उलथंपालथं करणार, असं मी लिहिलेलं. प्रत्यक्षात तो हळूच दार ढकलायचा, वाकून नाड्या सोडायचा, बूट भिंतीला लावून सरळ ठेवायचा आणि मोज्यांवर आत येऊन विचारायचा, "आहे का कोणी?"

"ताई, कार्पेट क्रीम कलरचं आहे ना तुमचं."

"हे हॉलंडमधलं शेतघर आहे. इथे कार्पेट नाही."

"आहे ना बाप्पा. दिसून राहिलं."

परवा घरात यंदाचं पहिलं हीटिंग लावलं. उन्हाळाभर रेडिएटरवर साचलेली धूळ भाजली गेली आणि तो जळकट, उबदार, थोडासा पापडासारखा वास घरभर पसरला. इकडे लोक म्हणतात शरद ऋतू पानांच्या रंगावरून ओळखावा. मी या वासावरून ओळखते. आणि हा वास आला की मला तो तालमींचा हंगाम आठवतो. बाहेर ओल्या पानांचा चिखल, हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे सरकवल्यावर चार वाजताच पडणारा अंधार, दारात बुटांचा ढीग, ओट्यावर बटाटेवड्यांचं सारण, आणि दिवाणखान्यात दुसरं महायुद्ध.

नाटक मीच लिहिलेलं. एक साधं शेतकरी जोडपं, आणि त्यांनी आपल्या घरात लपवलेलं एक ज्यू कुटुंब. आमच्या मराठी मंडळाचं दिवाळीचं नाटक म्हणजे दरवर्षी पाहुणा एक, खोल्या दोन आणि गैरसमज चौदा. मी समितीपुढे जाऊन म्हटलं, यंदा जरा दमदार करू. समिती म्हणाली, "मीनल, दिवाळीत महायुद्ध?" मी म्हटलं, नंतर फराळ आहेच. तेव्हा मंजूर झालं.

मग समितीतल्या प्रत्येकाने सांगितलं की आपण त्या काळी तिथे असतो तर काय केलं असतं. सगळे शूर. एकाने माळ्यावर आठ माणसं लपवली. दुसऱ्याने गॅरेजमध्ये डझनभर. मी पंचवीस लपवली, आणि त्यातल्या दोघींना तर वरचेवर पुरणपोळी करून घातली. आमचं घर जेमतेम दोन खोल्यांचं, पण शौर्याला जागा लागत नाही.

लपायची जागा शिरीषने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, बांधली. सुटे भाग आणून जोडायचं कपाट, त्याची मागची फळी काढलेली, मागे पडदा, पडद्यामागे माणसं. जोडून झाल्यावर चार स्क्रू उरले. ते कुठले, हे आजतागायत कोणाला कळलेलं नाही. दार उघडलं की कपाट असं करकरायचं की शेजारची बाई दोनदा विचारायला आली, तुमच्याकडे कोणी आजारी आहे का.

आणि फ्लोरामावशी.

त्या मला हॅरोच्या भाजीच्या दुकानात सापडल्या. अळूची पानं उलटून पालटून बघत स्वतःशीच म्हणत होत्या, "काळ्या देठाची नाहीत मेली." मी गर्रकन वळले. ऐंशीच्या पुढचं वय, आखूड पांढरे केस, गुडघ्यापर्यंत कोट, गळ्यात मफलर.

"तुम्ही मराठी?"

"नाहीतर काय ग्रीक? फ्लोरा झिराडकर. अलिबागकडची. बेने इस्राएल." मग माझा चेहरा बघून त्यांनीच उलगडून सांगितलं. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले ज्यू, तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी बैल सोडून घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. "आम्ही देवाचं पाळलं आणि गावाने आमचं पाळलं. शनिवारी तेल मागायला कोणी यायचं नाही."

मी तिथेच, अळूच्या साक्षीने, त्यांना नाटकात घेतलं. लपवलेल्या कुटुंबातली आजी. त्या मुंबईत भायखळ्याला वाढलेल्या, शाळेच्या संमेलनात मुलीमुलींच्या नाटकात राजा झालेल्या. पडद्यापुढे उभं राहून गुरुजींनी मोठ्याने नाव पुकारलं होतं, आणि वडील ते नाव ट्राममध्ये अनोळखी उतारूंना सांगत घरी आले होते. नंतर लग्न, लंडन, लेक, नवऱ्याचं जाणं. "इथे माझं नाव डॉक्टरकडे पुकारतात," मावशी म्हणाल्या. "तेही चुकीचं."

तालमीला त्या एकट्या ट्रेनने यायच्या. पहिल्याच दिवशी मोठा डबा भरून मलिदा आणला. गोड पोहे, ओलं खोबरं, वेलदोडा, वर केळ्याचे काप. कुठलंही काम मनासारखं व्हावं म्हणून एलियाहू हन्नावी, म्हणजे त्यांचे एलिया प्रेषित, यांच्या नावाने तो करायचा. आमच्या लोकांनी उजवा हात पुढे केला, डावा खाली धरला, प्रसाद घेतल्यासारखा घेतला आणि हात डोक्यावरून फिरवला. मावशी बघत राहिल्या. "हं," म्हणाल्या, "घरी आल्यासारखं वाटतंय."

तर त्या दिवशी मी प्रफुल्लवर ओरडत होते आणि तो बूट घालून पुन्हा बाहेर जात होता. कपाटातून आवाज आला.

"अगं मीनल, त्याला कशाला बोलतेस? तो मूर्ख नाही. तो आंधळा आहे."

करकर करत दार उघडलं. मावशी बाहेर आल्या आणि दाराशी जाऊन बोट दाखवलं. तिथे आमच्या सगळ्यांचे बूट. जोडपं करणारे दोघं, लपणारे तिघं, मी, शिरीष, चहा करायला आलेल्या दोघीतिघी. बुटांचा नुसता डोंगर.

"दोन माणसांचं घर ना हे? मग शिपायाने कपाट कशाला उघडायचं? दारात बघायचं आणि मोजायचं. संपलं नाटक."

बाहेर कोणीतरी दिवाळीचा की गाय फॉक्सच्या इंग्रजी आतषबाजीचा, इथे दोन्ही एकाच सुमारास उडतात, एक बाण सोडला. तो फुटला आणि खिडकीची काच थरथरली.

मी दोन महिने पुस्तकं वाचली होती. त्याग, धैर्य, विवेक, सगळं संवादांत घातलं होतं. बूट सुचले नव्हते. त्या रात्री जेवताना मला तेच दिसत राहिलं. लपवणं म्हणजे काय होतं? नेहमीपेक्षा जास्त बटाटे आणायचे आणि दुकानदाराला कळू द्यायचं नाही. दोरीवर दोघांचेच कपडे वाळत घालायचे, बाकीच्यांचे घरात. रोज ताटं तेवढी दिसली पाहिजेत, धूर तेवढा, पाणी तेवढं. शेजारीण आली की हसायचं. आणि हे एक दिवस नाही, वर्षं. माझ्या पंचवीस माणसांना मी त्या रात्री एकेक करून घराबाहेर काढलं. मोजे कुठे वाळवणार होते मी?

मी प्रवेश बदलला. लपायला आलेली माणसं पायांतलं काढून बटाट्याच्या पोत्यात टाकतात. दारात उरतात दोनच जोड. अधिकारी येतो, खाली बघतो, विचारतो, "हे कोणाचे?" शेतकरी म्हणतो, "एक माझा, एक बायकोचा." अधिकारी म्हणतो, "नाव?" शेतकरी नाव सांगतो. मग झडती. प्रफुल्लला हे एकदम जमलं. त्याच्या नोकरीचंच काम होतं, मोजायचं आणि संशय घ्यायचा. फक्त जाताना तो न चुकता "येतो हं" म्हणायचा.

"धाडीला आलेला माणूस येतो म्हणत नाही रे."

"मग काय जातो म्हणू? अशुभ असते ना ताई ते."

सगळं असं रंगात आलेलं असताना पोस्टर निघालं. मधोमध फ्लोरामावशींचा फोटो, खाली ठसठशीत अक्षरांत नाव. ते सगळ्यांच्या फोनवर फिरलं. पुढच्या तालमीला मावशींबरोबर त्यांची लेक आली. रूथ. पन्नाशीची, नीटनेटकी, हिशेबतपासनीस. मराठी समजायचं सगळं, बोलायला लागली की अडखळायची. ती सरळ स्वयंपाकघरात आली आणि दार लोटून घेतलं.

"मीनल, मम्मीचं नाव काढ. फोटो पण. प्लीज."

"अगं, पण का?"

"यू नो व्हाय."

मला माहीत होतं आणि नव्हतंही. मग ती बोलत गेली, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. प्रार्थनेला सिनेगॉगमध्ये जायचं तर हल्ल्याच्या भीतीने दारात पहारेकरी. ज्यू शाळेच्या ब्लेझरवरचा बिल्ला बसमध्ये झाकायला सांगितलेली भाचरं. घराच्या चौकटीला बाहेरून लावायची मेझुझा, बोटाएवढी डबी, आत प्रार्थना लिहिलेली; ती रूथने मागच्या वर्षी काढून दाराच्या आतल्या बाजूला लावली होती.

"मम्मी येता जाता बाहेरच हात लावते. रिकाम्या भिंतीला. हॅबिट." तिने लोटलेलं दार पुन्हा बघितलं. "तिला वाटते सगळं जग अलिबाग आहे. नाव असेल तर ती येणार नाही. मी येऊच देणार नाही."

समिती बसली. आणि काय सांगू, इतकी एकजूट मी मंडळात कधी पाहिली नव्हती. उगाच कशाला. सेफ्टी फर्स्ट. हॉलवाल्यांना काय वाटेल. तासाभरात नवं पोस्टर तयार झालं. मावशींच्या जागी कंदिलाचं चित्र, नावाच्या जागी "आणि इतर". आठ आणि बारा आणि पंचवीस माणसं लपवायची राहिली ती राहिलीच. एक नाव मात्र आम्ही फार सफाईने लपवलं.

मावशींना सांगायचं काम माझ्याकडे आलं, आवाजामुळे. त्या वडा खात होत्या. ऐकून घेतलं. बोटं पुसली.

"म्हणजे कपाटातही मीच आणि पोस्टरवरही मीच लपायचं? एका कामाचे दोन खेळ?"

"मावशी, रूथचं म्हणणं..."

"रूथचं म्हणणं मला माहितीये. चुकीचं नाही ते." हे त्या अगदी हळू म्हणाल्या. मग आवाज चढला. "पण ऐक. आमच्या गावात आम्हाला कोणी लपवलं नाही. का? शोधायला कोणी आलंच नाही म्हणून. मला लपायची सवय नाही. आता ऐंशीच्या पुढे नव्याने शिकवू नका. नाव पुकारणार नसाल तर मी स्टेजवर येत नाही."

झालं. नाव असेल तर लेक येऊ देणार नाही आणि नाव नसेल तर आई येणार नाही. माझ्या संहितेत असा पेच नव्हता. मी रात्रभर जागले असं सांगायला आवडलं असतं, पण मी घोरले. शिरीष साक्षीदार आहे. सकाळी मावशींचाच फोन आला. "येते मी. पोरीचा चेहरा बघवत नाही." आणि अट रूथची: ती पहिल्या रांगेत बसणार आणि शेवटचा पडदा पडताच, कलाकारांची ओळखपरेड व्हायच्या आत, आईला मागच्या दाराने घरी नेणार.

प्रयोगाचा दिवस. हॉलमध्ये दहा हजार माणसं होती. हॉल दीडशेचा आहे, पण मला दहा हजार दिसली, आणि विंगेतून मोजणारी मी एकटीच होते. नटराजाची पूजा झाली, नारळ फुटला, उदबत्ती बघून हॉलचा राखणदार वाळूची बादली घेऊन येऊन उभा राहिला आणि शेवटपर्यंत तसाच उभा होता; त्याला एक अक्षर कळत नव्हतं आणि दुसऱ्या अंकात तो डोळे पुसत होता. मावशी दुपारीच एकट्या ट्रेनने आल्या. लेक मागून ऑफिसमधून येणार होती. मावशींच्या पायांत झगझगीत नारिंगी ट्रेनर्स, म्हणजे धावायचे बूट. "पानांवरून घसरायला होतं," म्हणाल्या. मी त्यांना काळे जुने बूट दिले. ते चावले. मग म्हटलं राहू द्या, लांब परकरात दिसतंय कोणाला.

तिसरी घंटा. मी विंगेत, हातात संहिता, प्रॉम्प्टिंगला. पहिला अंक लोण्यासारखा गेला. लपायला आलेलं कुटुंब पावसातून दारात येतं तो प्रवेश सुरू झाला. मुलगा आला, त्याने बूट पोत्यात टाकले. सून आली, तिने टाकले. मागून मावशी आल्या. चौकटीशी थांबल्या. आणि चौकटीला, आमच्या त्या पुठ्ठ्याच्या चौकटीला, त्यांनी दोन बोटं लावून ती ओठांशी नेली. हे मी लिहिलेलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. त्या काट्याच्या भरात मला दिसलंच नाही की त्यांनी पायांतले ट्रेनर्स काढले, दुसऱ्याच्या घरात शिरताना काढतात तसे, जुळवून दारापाशी ठेवले, आणि शांतपणे कपाटात निघून गेल्या. बूट मोजायची कल्पना ज्यांची, त्याच पोतं विसरल्या.

महायुद्धातल्या शेतघराच्या दारात नारिंगी ट्रेनर्स. दिव्याखाली पेटल्यासारखे दिसत होते.

दारावर लाथ बसली. खरी लाथ. प्रफुल्ल बूट घालून आत आला होता आणि क्षणभर मीसुद्धा दचकले. त्याने खाली बघितलं.

"हे कोणाचे?"

"एक माझा, एक बायकोचा," शेतकरी म्हणाला.

यानंतर त्याने "नाव?" म्हणायचं होतं. पण हिशेब जुळला नाही तर ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही असा माणूस तो. त्याची नजर तिसऱ्या जोडावर खिळली. मी विंगेतून हातवारे केले, सोड, सोड. तो सोडेना.

"आणि हा तिसरा?"

शेतकऱ्याने बायकोकडे बघितलं. बायकोने विंगेकडे, माझ्याकडे. मी संहितेची पानं उलटली, जणू कुठेतरी सापडेल. लिहिलेलंच नाही ते पुरवू कुठून? मागच्या रांगांत हसू फुटलं होतं, ते पुढे येता येता विझलं. कारण प्रफुल्ल हसत नव्हता. तो घाबरला होता, पण एवढ्या मोठ्या देहावर भीतीसुद्धा रागासारखी दिसते. कपाट करकरलं. आत मावशींना कळलं असणार. दार बोटभर उघडलं. त्या बाहेर येणार होत्या. बाहेर आल्या असत्या तर नाटक तिथेच संपलं असतं.

"माझे."

पहिल्या रांगेतून आवाज आला. रूथ उभी होती. ऑफिसचा कोट अंगात, पर्स छातीशी धरलेली.

प्रफुल्लला आता आधाराला एकच वाक्य उरलं होतं, आणि बुडता माणूस फळी धरतो तसं त्याने ते धरलं.

"नाव?"

मी संहिता खाली ठेवली. दहा हजार माणसं, सगळी मराठी, सगळी ओळखीची, सगळ्यांच्या हातात फोन. आणि जिने एक नाव पुसायला लावलं होतं तिलाच भर सभेत नाव विचारलेलं. रेडिएटर टिकटिकत होता. बाहेर कुठेतरी लांब एक फटाका वाजला.

"रूथ झिराडकर," ती म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "फ्लोरा झिराडकरची मुलगी."

कपाटातून नाक ओढल्याचा आवाज आला. दार आतून हळूच ओढून घेतलं गेलं. प्रफुल्लने मान डोलावली, झडतीबिडती विसरला, वळला आणि सवयीने म्हणाला, "येतो."

आणि सांगते, तालमीत ज्या शब्दाला आम्ही पोट धरून हसलो होतो, त्या शब्दाने त्या दिवशी हॉल गार झाला. तो जाताना चौकटीला धडकला, तरी कोणी हसलं नाही.

शेवटचा पडदा पडला. मागचं दार उघडं होतं. कोणी गेलं नाही. मी ओळखपरेड केली, सगळ्यात शेवटी, फुप्फुसं रिकामी करून, नाव पुकारलं. केंब्रिजला ऐकू गेलं असणार. मावशी मोज्यांवर पुढे आल्या आणि राजासारख्या उभ्या राहिल्या. त्यांना मिळालेल्या टाळ्या मी मोजल्या नाहीत. मोजल्या असत्या तरी तुम्ही विश्वास ठेवला नसता.

नंतर चहाच्या टेबलाशी चिवडा, चकल्या, गोंगाट. माझ्या डोक्यात मंडळाच्या अंकात द्यायच्या लेखाची पहिली ओळ तयार होती. मी रूथला गाठलं, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि माझ्या परीने खालच्या सुरात विचारलं, "रूथ, खरं सांग. उठून उभी राहिलीस तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं?"

तिने चकलीचा तुकडा मोडला. "माझेच शूज आहेत ते," ती म्हणाली. "मम्मी न विचारता घालून आली."